मल्लप्पाच्या राजाचा थायरॉईड

मुडबीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काढली. यायच्या म्हशी आणि शेळ्याच जास्त, पण डोक्यात बसली ती कुत्री! त्यातही हार्मोनच्या भानगडीवाली. असले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा शेपूट हलवत येतोच.

* * *

मंठाळच्या मल्लप्पाचा जन्म मेंढरं राखण्यात गेला. पुढं लेकानं, मारुतीनं, मेंढरं विकून टमटम घेतली. कळपाचा राजा नावाचा कुत्रा तेवढा घरी राहिला. एक दिवस त्याच टमटममध्ये घालून त्याला माझ्याकडं आणलं. कुत्रं कसलं, भरलेलं पोतं! दोन्ही कुशींचे केस गेलेले, शेपूट उघडं, उन्हातसुद्धा कुडकुडत होता.

"खातंय कमी, फुगायलंय जास्त!" मारुती म्हणाला. "माणूस अंगावरनं गेला तरी भुंकंना. मी म्हनलो, बसवकल्याणच्या बाजारात सोडून येऊ. आप्पा ऐकना गेलेत."

मल्लप्पाचा हात मात्र राजाच्या गळ्यावरून हलेना.

रक्त हैदराबादला पाठवलं. रिपोर्ट आला तसं दोघांना समोर बसवून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, तिच्यातून थायरॉईडचं हार्मोन निघतं. ते कमी पडलं की अंगातली सगळी कामं मंदावतात. वजन वाढतं, केस जातात, थंडी वाजते, नुसती झोप येते.

मल्लप्पानं एकच विचारलं, "म्हंजी त्यो आळशी न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही."

"ऐकलास व्हय रं?" तो लेकाला म्हणाला, आणि म्हाताऱ्याचे डोळेच भरले.

मारुतीनं दोन महिन्यांची मुदत दिली. सुधारला तर घरी, नाहीतर बाजार.

* * *

गोळी माणसाचीच, पण कुत्र्याचं शरीर ती भराभर संपवतं. त्यामुळं डोस माणसाच्या कितीतरी पट लागतो. जनावरांच्या दवाखान्याचे छापील कागद संपले होते म्हणून साध्या चिठ्ठीवर लिहून मल्लप्पाच्या हाती दिलं: राजा, वय सात.

तासाभरात बसवकल्याणहून मेडिकलवाल्याचा फोन. "सात वर्षाच्या लेकराला येवढा डोस? तुमी डॉक्टर हाव का कसाई?"

"अहो, कुत्रा आहे तो!"

तो म्हणाला, "आदी सांगायचं न्हाई व्हय! हितं मी म्हाताऱ्याला बसवून, पानी पाजून धीर द्यायलोय!"

* * *

आमच्या गावचे कापडवाले अण्णा. त्यांच्या पॉमेरियनला पेढ्याशिवाय चैन नसे. ती घटाघटा पाणी प्यायला लागली, लघवीला मुंग्या लागायला लागल्या. मला मशीनआधी मुंग्यांनीच सांगितलं, डायबिटीस! इन्सुलिन कमी पडलं की साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे बाहेर पडते.

अण्णांनाही तोच आजार. रोज सकाळी त्यांच्या बायको, अक्का, दोघांनाही सुई टोचायच्या. मी विचारलं, "आधी कुणाला?"

"कुत्रीला. ती गप बसतीय!"

* * *

मुडबीच्याच एका घरी जावई मुक्कामाला आले. घरातली कुत्री दोन महिन्यांमागं माजावर येऊन गेलेली, पण गाभण नव्हती. तरी शरीरात हार्मोनचे असे काही चढउतार होतात, की पोटात पिल्लू नसतानाही कुत्रीला दूध सुटतं. आई व्हायची हौस दांडगी! तिनं जावयाचा नवा बूट उचलला, पोत्यावर नेला आणि पोटाशी घेऊन चाटत बसली. जवळ जाईल त्यावर गुरगुर.

मला बोलावणं आलं. जावई एका बुटात उभे. म्हणाले, "डॉक्टर, माझी बस जायलीय!"

मी म्हणालो, "ओढून घेऊ नका. हे खूळ दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरतं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "ऐकलाव न्हवं जावईबापू? तिची माया फिटंस्तोवर ऱ्हावा की!"

* * *

आता राजाचं सांगतो.

दोन महिने भरायला आठ दिवस उरले होते. सकाळी सकाळी दवाखान्यासमोर टमटम थांबली. मारुती एकटाच उतरला, तोंड लाल. म्हटलं, गेला राजा.

"डॉक्टरसाब, ती गोळी बंद करा!"

"कामून? गुण नाही?"

"गुन? अवो, भुंकून गल्ली डोक्यावर घेतलीय त्यानं! केसं आलेत, पोस्टमन आत येईना."

"मग बिघडलं कुठं?"

"तुमी काय सांगितलाव? गोळी उपाशीपोटी, दोन टाइम. आन गोळीनंतर तासभर खायला द्यायचं न्हाई."

"बरोबर."

"आमच्यात तव्यावरली पैली भाकर राजाची. त्यानं तोंड लावल्याबिगर घरात कुनी घास घेत न्हाई. कळपाच्या कुत्र्याचा ह्यो मान आमच्या आज्यापासनं हाय. आता रोज दोन टाइम आप्पा भाकर मांडीवर घेऊन घड्याळाकडं बघत बसायलेत. समोर राजा बसायलाय. त्याच्या मागं आमी समदे ताटं घेऊन! लेकरं उपाशी शाळंला जायलेत. मी उपाशी टमटम चालवायलोय. थायरॉईड त्याला, आन उपास आमाला!"

मला हसू आवरेना. म्हणालो, "अरे बाबा, पथ्य कुत्र्याला आहे. तुम्ही खाऊन घ्या की आधी!"

मारुतीनं कानांना हात लावले. बाजारात सोडून येऊ म्हणणारा हाच तो मारुती.

"राजाच्या आदी?" तो म्हणाला. "काय बोलायलाव डॉक्टरसाब! घशाखाली तरी उतरंल का?"