व्हर्लाचे पायबंद

व्हर्ला हचिंग्ज आमच्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती. नवऱ्याच्या छंदाला ती ‘ऑरिनचा पोरखेळ’ म्हणायची. छंद म्हणजे आमचा क्लब. दर जुलैत आम्ही घोड्यांवरून विंड रिव्हरच्या डोंगरांत पाच दिवस जातो आणि अठराशे चाळीसच्या आधी बीव्हर पकडणाऱ्या शिकाऱ्यांकडे जे होतं तेवढंच बरोबर घेतो. काडेपेटी नाही, तंबू नाही, टॉर्च नाही. चकमक, सुरी, घोंगडी, वाळवलेलं मांस.

ऑरिनला यातलं सगळं ठाऊक होतं. बोलायला लागला की माझ्या पशुखाद्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं मागच्या दाराने निघून जात. पण त्याचा हरणाच्या कातड्याचा अंगरखा, त्याचे जोडे, एवढंच काय, आम्हा सगळ्यांच्या विजारी व्हर्लाने शिवलेल्या होत्या. ही गोष्ट तो कधी सांगायचा नाही.

त्या वर्षी निघायला दहा दिवस असताना, रिकिबीत पाय न घालता घोड्यावर कसं चढायचं हे दाखवायला ऑरिनने स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उडी मारली. घोटा मोडला. दुसऱ्या दिवशी व्हर्ला दुकानात आली आणि म्हणाली, मांस वाळवून झालंय, मका भाजून झालाय, तर मीच येते.

आमचा म्होरक्या गार्थ विमर. उभा जन्म रस्ते खात्यात गेल्यामुळे त्याला नियम फार प्रिय. तो म्हणाला की शिकाऱ्यांच्या टोळीत बायका नसायच्या.

“असायच्या,” व्हर्ला म्हणाली. “इथल्या शोशोनी जमातीच्या बायका होत्या. कातडी कमावायच्या, जोडे शिवायच्या, तळ उभारायच्या. पुरुष तेवढे नंतर गोष्टी सांगायचे. आणि गार्थ, तुझी विजार कुणी शिवली रे?”

गार्थने विषय बदलला.

निघायच्या दिवशी मी आम्हा तिघांचं सामान तपासत होतो. व्हर्लाच्या पिशवीत नियमाबाहेरचं काहीच सापडलं नाही. मग गार्थला तिची कवळी आठवली. प्लास्टिक चालणार नाही, तो म्हणाला. दात तेव्हाही बसवायचे, हस्तिदंताचे, असं तिने त्याला सांगून पाहिलं. तो ऐकेना. तेव्हा तिने शांतपणे कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, “मग पाच दिवस माझं मांस तू चावून द्यायचंस.”

गार्थने कवळी परत दिली. ती द्यायची घाई बघण्यासारखी होती.

पहिला दिवस छान गेला. ऑरिनचा डीकन घोडा तिच्याखाली शहाण्यासारखा चालला. रोज त्याला खाऊ-पिऊ घालणारी तीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला, मग त्यातच बर्फ. आम्ही तिघांनी घोड्यांच्या पुढच्या पायांत पायबंद घालून त्यांना चरायला सोडलं आणि एका देवदाराखाली घोंगड्या पांघरून बसलो. पायबंद कच्च्या चामड्याचे, व्हर्लाच्या हातचे. उजाडलं तेव्हा घोडे नव्हते. गवतात तीन पायबंद पडले होते. भिजून असे सैल झाले होते की त्यांतून माझं डोकं गेलं असतं.

गार्थ पुष्कळ बोलला. व्हर्ला ओंडक्यावर बसून ऐकत होती. ती काहीतरी सणसणीत बोलेल म्हणून मी वाट बघत होतो.

“चूक माझीच आहे,” ती म्हणाली. “ओलं कच्चं चामडं सैल पडतं हे मला माहीत होतं. ऑरिन म्हणाला, पुस्तकात असंच आहे. एकतीस वर्षं पोरांना सांगत आले, दुसऱ्याने सांगितलं म्हणून करू नका. आणि मी मात्र केलं.” गार्थने स्वतःची कोरडी घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली आणि दुसरीकडेच बघत राहिला.

खोगिरं झाडाला टांगून, लगाम खांद्यावर टाकून आम्ही खुरांच्या मागावर निघालो. ओले जोडे पायांत शिजलेल्या कोबीसारखे लिबलिबत होते. दुपारी खालच्या कुरणात घोडे दिसले, मजेत चरत होते. गार्थ हळूहळू जवळ गेला. घोडे तेवढेच लांब गेले. त्याने हुकूम सोडले. नंतर मी त्यांच्यामागे धावलो, पडलो. हे तासभर चाललं.

व्हर्ला म्हणाली, आता दोघंही खाली बसा. ती स्वतः कुरणाच्या मधोमध एका दगडावर घोड्यांकडे पाठ करून बसली, भाजलेल्या मक्याची पिशवी उघडली आणि कुडुमकुडुम खायला लागली. मागे एकदाही वळली नाही. आधी डीकनने मान वर केली. मग एक पाऊल, मग थांबला. शेवटी त्याचं थोबाड तिच्या खांद्यावरून पिशवीत शिरलं. तिने सावकाश त्याच्या गळ्यात हात टाकून लगाम चढवला. बाकीचे दोघे मागोमाग आले.

“बसमधून उतरून पळालेलं पोर असंच येतं,” ती एवढंच म्हणाली.

शेवटच्या दिवशी खिंडीवर तिने डीकनला थांबवलं. खाली नदी, पलीकडे आमचं गाव. काय झालं म्हणून मी विचारलं. काही नाही, ती म्हणाली, अजून जरा वेळ कुणी घाई करू नका. आम्ही केली नाही. गार्थनेसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये ऑरिन कुबड्या टेकत दुकानात आला. इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, “लाईल, पुढे काय झालं रे? ती आठवड्याला थोडंथोडंच सांगते. तेही मी भांडी घासल्यावर.”

“कुठपर्यंत सांगितलंय?”

“पाऊस लागला तिथपर्यंत.”

मी त्याला स्टूल दिलं आणि सांगितलं, मला काही आठवत नाही.