घरातला दुसरा एकशे आठ

पिंकी मोहोडला नंदनवन वस्तीत सगळे 'नेटवाली पिंकी' म्हणतात. इंटरनेट अडलं की लोक आधी राउटरला चापट मारतात, मग पिंकीला फोन करतात.

त्या दुपारी फोन वैदेहीचा होता. मुलीची, गार्गीची, शिष्यवृत्तीची मुलाखत तासाभरावर आलेली. मुलाखत तिनं आधी नोंदवलेल्या लॅपटॉपवरूनच द्यायची अट, गल्लीत मोबाईलला धड रेंज नाही, आणि कालपासून लॅपटॉपचं नेट सारखं तुटत होतं. पोरीची मेहनत एखाद्या अर्धवट वाक्यात बुडेल, या धास्तीनं वैदेही सारखी घड्याळ पाहत होती.

"नवा राउटरच आणतो," वैदेहीचा नवरा सुमंत दारात आलेल्या पिंकीला म्हणाला.

"थांबा ना काकाजी. कोणतं मशीन बोलून राहिलं, कोणतं नाही, आधी विचारून तं पाहू."

पिंकीनं जमिनीवरच मांडी घातली आणि आपला लॅपटॉप उघडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. कळमेश्वरकडच्या शेतात पाणी अडलं की तिचे वडील विहिरीपासून पाटाच्या कडेनं अडलेली जागा शोधत चालत यायचे. पिंकीही तशीच निघाली. 'पिंग' लिहून तिनं राउटरला हाक मारली, ओ आली. बाहेरच्या दूरच्या सर्व्हरला मारली, तिथूनही आली.

"लाइन चांगली हाय काकू. भानगड घरातच हाय. गार्गी, तुझा लॅपटॉप बंद कर वं. त्याचा नेटवर्कचा नंबर काय?"

"शेवटी एकशे आठ. बाबांनीच टाकलाय."

पिंकीनं त्या बंद लॅपटॉपला हाक मारली. पडद्यावर ओळीमागून ओळ उत्तरं येऊ लागली.

वैदेहीच्या अंगावर काटा आला. "अगं, बंद आहे ना तो?"

"बंदच हाय. म्हणजे घरात दुसरा एकशे आठ हाय. एका नावाचे दोघं. हाक मारली का कधी हा ओ देते, कधी तो."

वैदेहीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या गाडीचा नंबर एकशे आठ, मोबाईलच्या शेवटी एकशे आठ. "काल दारावर कॅमेरा बसवलात. त्याला कोणता नंबर दिलात?"

सुमंत पंख्याकडे पाहू लागला. "शुभ असतो म्हणून..."

"काकाजी, माळेत मणी एकशे आठ असते, पण सगळ्या मण्यायले एकच नाव नसते ना!"

गार्गी खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"मग कॅमेऱ्याला एक्कावन्न दे," सुमंत म्हणाला.

"घ्या, एक्कावन्न."

काम झालं होतं. हुडकेश्वरहून दुसऱ्या गिऱ्हाइकाचे फोन येत होते. तरी पिंकी उठली नाही. गार्गी लॅपटॉप घेऊन आत मुलाखतीला बसली, तिच्या बंद दाराबाहेर पिंकी पिंग चालू ठेवून बसली. "मुलाखत होऊ द्या काकू, मंग जातो."

वैदेही तिच्याशेजारी टेकली. आकडे तिला कळत नव्हते, पण ओळी कळत होत्या. एकदा एक ओळ रेंगाळली आणि ती पडद्याकडे वाकली. पुढची ओळ आली. आतून गार्गीचा आवाज सलग येत होता, वाक्य सुरू होऊन पूर्ण होत होतं.

दार उघडलं. "एकदाही तुटलं नाही, आई. सगळं बोलले मी."

वैदेहीनं पिंकीच्या पाठीवरून हात फिरवला. पिंकीनं ओळी थांबवल्या आणि वाजणारा फोन उचलला.

"येऊन राहिली ना भाऊ! तोवर त्या राउटरले मारू नका."