पंचनाम्यातला भाला

काल शेजाऱ्यानं शेळीसाठी बाभळीची फांदी ओढली आणि त्या ओल्या पाल्याच्या वासानं मी भिगवणच्या रस्त्यावर जाऊन पोचलो. नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. पाण्यासाठी लोकांनी रस्ता अडवलेला, समोर पोलीस बंदुका घेऊन उभे. त्या गर्दीत आमच्या गावच्या म्हाळूआबांची मेंढरं शिरली. ती वळवायला साठीच्या आबांनी रोजच्यासारखी आकडी उंच धरली आणि ते धावत पुढं गेले. आकडी म्हणजे लांब काठीला बांधलेला विळा, झाडाचा पाला ओढायचा. अरे, मेंढरं बिथरल्यावर धनगर दुसरं काय करणार? गोळी छातीत लागली. बिथरलेली मेंढरं आबांभोवतीच येऊन उभी राहिली.

मी गावचा मास्तर, म्हणून पंच म्हणून मलाच बोलावलं. पंचनाम्यात ‘भाला’ लिहिलं होतं.

“साहेब, आकडी हाय ती,” मी फौजदाराला म्हणालो.

“पोलिसावर उगारली की भालाच. करा सही.”

मी केली. माझ्या एका सहीनं काय होतंय, असं तेव्हा वाटलं. आज त्या हाताची चीड येते. गोळी घालणारा त्याच सहीवर मोकळा सुटला आणि आबा मेल्यावर हल्लेखोर ठरले.

आठवड्यानं आबांच्या बायकोला घेऊन मीच चौकीत गेलो. ती रडली नाही.

“भाला तुमी ठेवा, साहेब,” ती म्हणाली. “आमची आकडी तेवढी द्या. मेंढरं उपाशी हायती.”