पायरीवर काढलेले बूट

अमेरिकेत ईडन प्रेरी या गावी राहत असताना सुट्टीत मी आणि माझी रूममेट आयर्लंडच्या किनाऱ्यावरची लांब पायवाट चालायला गेलो होतो. तिथल्या गावांत लोक आपसांत आयरिश बोलतात. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी आमचा मुक्काम होता. चिखलाचे बूट मी घरच्या सवयीने दाराबाहेर पायरीवर काढले. सकाळी पायरीवर पावसाचं पाणी होतं, बूट नव्हते. दुसरे बूट मी आणलेच नव्हते, म्हणजे माझं चालणं तिथेच संपणार होतं.

नाश्ता वाढताना आजी-आजोबा आयरिशमध्ये काहीतरी बोलून हसले. मला वाटलं, मलाच हसताहेत.

“अगं, विचार ना यार,” रूममेट कुजबुजली.

“तू विचार.”

“बूट तुझे आहेत. नाहीतर चाल अनवाणी.”

शेवटी मी कसंबसं विचारलं. आजींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. शेगडीजवळ माझे बूट वाळत होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.

“इथे बूट बाहेर ठेवलेस तर त्यांत मासे पोहतील, पोरी,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मलाही हसू आलं. बूट कोरडे होते, थोडे गरमसुद्धा. नाड्या बांधून मी रूममेटच्या आधीच वाटेला लागले.