सासूबाईंची परीक्षा

सोलापूरच्या ज्या दवाखान्यात आम्ही अडीच वर्षं काढली, तिथल्या लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डातल्या मावशींना सगळे सासूबाई म्हणायचे. फरशी पुसणं, चादरी बदलणं हे त्यांचं काम. पण डॉक्टरीणबाईंचा राउंड पुढच्या खाटेकडे सरकला, की मावशी झाडू भिंतीला टेकवायच्या, पदर खोचायच्या आणि सुन्न होऊन बसलेल्या आईबापांपुढं उभ्या राहायच्या. "समजा, मी तुमची सासू. गावाकडनं आलीय, मला काय म्हाईत न्हाय. सांगा, काय म्हणाल्या डाक्टर?" मग माणूस तोंड उघडायचा आणि त्याच्या लक्षात यायचं, की इतका वेळ आपण नुसती मान हलवत होतो.

स्वतः मात्र त्या काही समजावून सांगायच्या नाहीत. "ते माझं काम न्हाय की," म्हणायच्या. शिक्षण सातवी. घरात तेलुगू बोलायच्या आणि वॉर्डात समोरच्याला कळेल ती भाषा, मराठी, कन्नड नाहीतर दखनी उर्दू. उत्तर बरोबर आलं तर एकच शब्द, "पास." चुकलं तर मनगट धरून थेट डॉक्टरीणबाईंपुढं: "यास्नी कळलं न्हाय. परत सांगा." टेंभुर्णीचा एक ट्रकवाला महिन्याभरात सामान बांधून निघाला होता. रक्तात आजार दिसत नाही म्हणजे पोरगं बरं झालं, असं तो धरून चालला होता. सासूबाईंनी त्याला बांधलेल्या पिशवीसकट परत नेऊन उभा केला. औषधं अजून दोन वर्षं चालणार आहेत हे त्याला तेव्हा कळलं.

मला या बाईंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी मोहोळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझ्या सईला, सहा वर्षांच्या पोरीला, रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून मोबाईलवर मिळेल ते वाचून काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनाही मी मधूनमधून सुधारायला बघायचो, असा मी शहाणा. आणि झाडू मारणाऱ्या बाईनं माझी तोंडी परीक्षा घ्यायची?

सईला पहिल्यांदा घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी त्या आल्याच. ताप आला तर काय करायचं, हा प्रश्न. मी घडाघडा म्हणून दाखवलं: केमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा ताप जिवावर बेतू शकतो. पारा शंभरच्या पुढं गेला की तापाचं औषध द्यायचं नाही, वाट बघायची नाही, तासाभरात दवाखाना गाठायचा. मला वाटलं, आता म्हणतील पास. त्यांनी विचारलं, "तुमी दोघं नवराबायको शाळेत शिकवाय गेल्यावर पोरीपाशी कोण असतंय?"

"माझी आई."

"त्यास्नी म्हाईत हाय?"

"सगळं सांगितलंय," मी बेधडक म्हणालो. आईला मी फक्त 'रक्त कमी आहे' एवढंच सांगितलं होतं. तिची धाकटी बहीण कॅन्सरनंच गेली होती. तिच्यापुढं तो शब्द काढायची माझी छाती नव्हती. मावशी म्हणाल्या, "पास." तो पास मी फसवून मिळवला होता.

घरी आल्याला अकरा दिवस झाले होते. मी शाळेत, बायको तिच्या शाळेत. सकाळी अकराला सईचं अंग तापलं. आईनं घरातलं तापाचं औषध पाजलं, दोन जाड चादरी तिच्या अंगावर घालून घाम काढला. घाम आला, ताप उतरला, आईनं देवाला हात जोडून मऊ भात टाकला. पोरगा शिकवत असेल म्हणून मला फोनसुद्धा केला नाही. पाच वाजता मी घरी आलो तर सई दात वाजवत कुडकुडत होती आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

मित्राच्या गाडीतून आम्ही हायवेला लागलो. मागं सईचं डोकं मांडीवर घेऊन आई पुनःपुन्हा म्हणत होती, "सकाळी उतरला हुता की रं ताप." सकाळी! म्हणजे सहा तास वाया गेले होते. पोरगी गेली तर ती माझ्या खोटेपणानं जाणार होती, आणि आयुष्यभर पाप मात्र माझ्या आईच्या माथी बसणार होतं.

सईला आयसीयूत घेतलं. उशीर झालाय, आत्ता काही सांगता येत नाही, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या बाकावर आई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "माझं काय चुकलं ते तरी सांगा." तेवढ्यात बादली घेऊन मावशी आल्या. मी त्यांच्या शिव्या खायची तयारी केली होती. त्यांनी बादली खाली ठेवली, आईशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, आज तुमच्या घरची खरी सासू आलीय. सांगा."

मी सांगितलं. तो शब्दही उच्चारला. आई म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर पोरीला पाठीवर घेऊन आले असते की रं. मला एवढी दुबळी समजलास?" मी तोंड लपवून रडलो. मावशींनी आईला विचारलं, पुन्हा ताप आला तर? आईनं डोळे पुसले. "औशद न्हाय, पांघरूण न्हाय. तडक हितं."

"पास," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या. पाचव्या दिवशी सई आयसीयूतून बाहेर आली.

सईचे उपचार संपले तोवर मावशी निवृत्त झाल्या होत्या. पेढे घेऊन मी पूर्व भागातलं त्यांचं घर शोधून काढलं. त्यांचा मुलगा श्रीनिवास अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. त्यानं मला दारातच अडवलं. "अम्माला पित्ताचे खडे सांगितलंय. तुमी काय बोलू नका, सर." तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मीही असाच बोललो होतो.

मावशी अर्ध्या झाल्या होत्या. सईची चौकशी केली, पेढ्याचा कण जिभेवर ठेवला. मग भिंतीला टेकून बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मास्तर, समजा मी तुमची सासू. मला काय झालंय?"

दारातून श्रीनिवास मान हलवून नको नको म्हणत होता. मी खोटं बोललो नाही, आणि खरंही सांगितलं नाही. ते माझं काम नव्हतं. मी उठलो, श्रीनिवासचं मनगट धरलं आणि त्याला आईपुढं आणून बसवलं. "यांना कळलं नाही," मी म्हणालो. "सांग."

तो जमिनीकडे बघत तेलुगूत बोलू लागला. मला एक शब्द तेवढा कळला, तो सगळ्या भाषांत सारखाच आहे. त्याचं सांगून झाल्यावर मावशी माझ्यासाठी मराठीत म्हणाल्या, "पोटात कॅन्सर हाय. पसरलाय. बरा व्हायचा न्हाय, पर दुखणं कमी ठेवता येतंय. बराबर?"

श्रीनिवासनं रडतच होकाराची मान डोलावली. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पास," त्या म्हणाल्या.