लांडग्याचे तीन शेवट

ग्रंथालयात बाइंडरकाकांचा शब्द शेवटचा. पुस्तक पार चिंध्या होऊन येवो, चार दिवसांत ते शिवून, डिंक-पुठ्ठा चढवून हातात देणार. घरी मात्र त्यांनी माती खाल्ली.

झालं असं, की दुरुस्तीला आलेलं एक गोष्टीचं पुस्तक त्यांनी कौतुकानं नातीला वाचून दाखवलं. आजीकडे निघालेल्या मुलीला रानात लांडगा भेटतो, ती जुनी गोष्ट. लांडग्यानं आजीला गिळलं, मग आजीचं सोंग घेऊन मुलीला गिळलं आणि काका म्हणाले, "संपली!" पुढची पानं गळाली होती. जन्मभर फाटकी पुस्तकं हाताळलेल्या माणसानं एवढंही पाहू नये!

शाळा सुटली की दोन गल्ल्या ओलांडून आजी-आजोबांकडे एकटी पळत येणारी सात वर्षांची पोर त्या दिवसापासून येईनाशी झाली. आजीला घर खायला उठलं. "तुम्हीच घाबरवलंत, आता तुम्हीच आणा," तिनं नवऱ्याला बजावलं.

काकांनी ग्रंथालयातली कपाटं पालथी घातली. त्याच गोष्टीची आणखी दोन पुस्तकं सापडली आणि गंमत म्हणजे दोन्हींचा शेवट वेगळा! ती काखोटीला मारून ते लेकीच्या घरी पोचले.

"यात लाकूडतोड्या येतो, लांडग्याचं पोट फाडतो. दोघी सुखरूप!"

नातीनं नाक मुरडलं. "आणि तो नाही आला तर?"

काकांनी दुसरं उघडलं. यात मुलगी म्हणते, जरा अंगणात जाऊन येते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधतो. ती बाहेर जाऊन दोरी झाडाला बांधते आणि धूम ठोकते.

"हिला डोकं आहे," नात म्हणाली. "पण आजी?"

"ती घरात नव्हतीच. शेजारी गप्पा मारत बसली होती."

"आपल्या आजीसारखीच!" नात हसली. येईन असं मात्र म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी नवरा-बायको दाराकडे कान लावून बसले. बऱ्याच वेळानं कडी वाजली. आजी धावली.

"मी आलेय. पण आधी तू कोण ते सांग!"

"अगं, तुझी आजी!"

"मग दात दाखव."

आजीनं दार बोटभर उघडलं, तोंडातली कवळी काढली आणि फटीतून बाहेर धरली.

नातीनं ती नीट निरखली. "लांडग्याचे दात असे हातात येत नाहीत," असा निकाल देऊन ती आत घुसली आणि आजीच्या कमरेला घट्ट बिलगली.