बेडकीच्या बाह्या

लास्टिकमावशींच्या दुकानात आरसा नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते खटकलं. विचारलं. त्या म्हणाल्या, माझं गिऱ्हाईक तीन फुटांचं, त्याला आरशाचं कौतुक नसतं. त्याला पाण्याचं असतं.

दुकान म्हणजे एकच खोली, पोहण्याच्या तलावाच्या फाटकाला चिकटलेली. एक शिलाई मशीन, कापडाच्या कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, कापायला एक फळी आणि दाराशी पाण्याने भरलेली निळी बादली. तलावाच्या पाण्यातलं औषध इलॅस्टिक खातं. दोन महिन्यांत चांगला कॉस्च्युम मुलाच्या अंगावरून सुटून गुडघ्याशी येतो. मग आई किंवा बाबा तो पिशवीत घालून मावशींकडे नवं लास्टिक बसवायला येतात. यावर मावशींचं घर गेली बावीस वर्षं चालतं आहे. त्याआधी अकरा वर्षं त्या छत्र्यांच्या कारखान्यात होत्या. कारखाना बंद पडला, मालकाने पगाराऐवजी एक मशीन दिलं. ते मशीन अजून चालतं. कुरकुरतं, पण चालतं. मावशी म्हणतात, माझ्यासारखंच.

मी तलावाच्या खिडकीत बसते आणि लॉकरच्या किल्ल्या देते. साहित्याची पदवी घेतल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. दुपारी बारा ते तीन तलाव बंद असतो. तेव्हा मी डबा घेऊन मावशींकडे जाते. त्या काम करतात, मी जेवते आणि ऐकते.

ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. मुलांनी पाण्यात काय घालावं यावर प्रत्येक घराचं मत आहे, आणि प्रत्येक घराला वाटतं की दुसरं मत असूच शकत नाही. एक बाई पाच वर्षांच्या मुलीसाठी मानेपासून घोट्यापर्यंतचा कॉस्च्युम शिवून घेऊन गेली. तिच्या मागोमाग एक जोडपं आलं. त्यांना तीन वर्षांच्या मुलाला मुळात काही घालावं लागतं याचंच नवल. आमच्याकडे एवढी पोरं नुसती उतरतात, म्हणाले, पण इथला नियम आहे ना, मग सगळ्यात छोटी चड्डी द्या. दोन्ही कपडे मावशींच्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत होते. मला हसू आलं. मावशींना नाही.

"लांबी तुमची, टाका माझा," एवढंच त्या गिऱ्हाइकाला म्हणतात. लांबीबद्दल त्यांनी बावीस वर्षांत कुणाला शब्द सांगितला नाही. मी बरेचदा खोदून विचारलं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? त्या म्हणायच्या, मला वाटतं की तुझी आमटी गार होते आहे.

मत नव्हतं, पण शिस्त होती. शिवलेला प्रत्येक कपडा दहा मिनिटं बादलीत बुडायचा. मग मावशी तो पिळून शिवणीवर अंगठा फिरवायच्या. बादलीत पास झाला तरच पिशवीत.

बेडकीचा कॉस्च्युम हिरवा होता, म्हणून ती बेडकी. वय साडेपाच. डावीकडचा पुढचा दात पडलेला. सोमवार ते शुक्रवार तिला आजी आणायची, शनिवार-रविवार आई. आजी म्हणजे आईची आई. घर एकच, तिघींचं. बेडकी छोट्या तलावात शिकत होती. शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात.

एका शुक्रवारी संध्याकाळी आई ऑफिसातून परस्पर दुकानात आली. कॉस्च्युमला बाह्या लावून द्या म्हणाली, मनगटापर्यंत. मावशींनी लावल्या. सोमवारी सकाळी आजी तोच कॉस्च्युम घेऊन हजर. या बाह्या काढा म्हणाली, लेकरू हात कसे मारणार. मावशींनी काढल्या. आजी म्हणाली, तुकडे राहू द्या तुमच्याकडे, घरी नकोत. शुक्रवारी आई आली. बाह्या लावा.

असं सहा आठवडे चाललं. दोघींपैकी एकीनेही दुसरीचं नाव काढलं नाही. आई म्हणायची, टाके जरा सैल होते वाटतं. आजी म्हणायची, धुण्यात काहीतरी होतं बहुतेक. त्या घरात भांडण तोंडाने होतच नव्हतं, ते मावशींच्या सुईने होत होतं. बाह्यांची ती जोडी एका बिस्किटांच्या डब्यात राहायची, सोमवार ते शुक्रवार.

मी थक्क झाले होते. मावशींना म्हटलं, एकदा सांगून टाका ना दोघींना. मावशींनी दातात धरलेली टाचणी काढली. म्हणाल्या, शिंप्याने एकाचं माप दुसऱ्याला सांगू नये. पोट सुटलेलं आम्हाला आधी कळतं, संसार उसवलेला पण. सांगत सुटलो तर दुकान चालेल?

मग आईने एक पाऊल पुढे टाकलं. बाह्या होत्याच, आता खाली गुडघ्यापर्यंत झालरही हवी होती. मावशींकडे छत्रीचं हिरवं कापड पडून होतं, हलकं, पाणी न पिणारं. त्यांनी आठ पाकळ्या कापल्या, जोडल्या, झालर लावली. बादलीत ती कमळासारखी पसरली. मावशी खूष होत्या. मीही छान म्हटलं.

शनिवारी बेडकी काठावरून पाण्यात उतरली आणि झालर हवेने भरली. एकदम. हिरवी छत्री उघडावी तशी ती पाण्यावर उघडली. बेडकीचे पाय वर, डोकं खाली. शिट्टीसर हातभर अंतरावर होते. एका श्वासात त्यांनी तिला उचललं. नाकात थोडं पाणी गेलं, बाकी काही नाही. पण तिने पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. त्या दिवशी नाही, सोमवारी नाही, पुढचा अख्खा आठवडा नाही. काठावर टॉवेल गुंडाळून बसून राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पाणी मला वर फेकतं.

शुक्रवारी शिट्टीसरांनी आजीला समजावलं. नऊ दिवसांनी, रविवारी, छोटा तलाव ओलांडायची परीक्षा होती. ती उतरली नाही तर तिला बाळांच्या टबात पाठवावं लागेल. जबरदस्ती करणार नाही, म्हणाले, आणि पुढच्या वर्षी बघू. बेडकीने ते ऐकलं. बाळांचा टब घोट्याएवढा. त्यात प्लॅस्टिकची बदकं असतात. तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला.

आठवडाभर हे मावशींना सांगायचा मला धीर झाला नव्हता, त्या दुपारी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मशीन थांबवलं.

"अकरा वर्षं छत्र्या शिवल्या," त्या म्हणाल्या. "हात आपोआप आठ पाकळ्या कापतो. छत्री हवा धरायलाच असते, हे मला कळू नये? आणि बादलीत कोणी उडी मारत नाही, हेही कळू नये?"

मी म्हटलं, लांबी त्यांची होती. त्या म्हणाल्या, टाका माझा होता.

सोमवारी आजी कॉस्च्युम घेऊन आली. झालर काढा, बाह्या काढा, सगळं काढा, म्हणाली. मावशींनी कपडा उजेडात धरला. खांद्याच्या शिवणीवर इतकी भोकं पडली होती की पलीकडचं फाटक दिसत होतं. आता एकदाच सुई चालेल, त्या म्हणाल्या. मग कॉस्च्युमची घडी केली, बाह्यांसकट त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"आता मूल आणा. आणि मुलीलाही आणा, तुमच्या."

आजी म्हणाली, तिचा काय संबंध. मावशींनी डबा वरच्या फळीवर ठेवला.

गुरुवारी दुपारी तिघी आल्या. आईने अर्धी रजा काढली होती. मी माझा डबा आवरायला लागले. मावशींनी डोळ्यांनीच बस म्हणून खुणावलं. खोलीत बसायला एक स्टूल, त्यावर आजी. आई दाराशी. बेडकी बादलीत बोट फिरवत उभी.

सुरुवात आजीने केली. आमच्या लहानपणी पाच वर्षांची पोरं नुसत्या चड्डीवर डुंबायची आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे, असं तिचं म्हणणं. आई म्हणाली, तेव्हा काठावरच्या माणसांच्या हातात फोन नव्हते. आजी म्हणाली, फोनवाल्याला हटकायचं की लेकराला गुंडाळायचं? आई म्हणाली, तू दोन्हीतलं काही करत नाहीस, तू विणत बसतेस. यात तथ्य होतं. आजीचं विणकाम मी खिडकीतून रोज बघते.

मग आजी हळू झाली. तिला सातव्या वर्षी तिच्या आईने पाण्यातून बाहेर काढलं होतं. मोठी दिसायला लागलीस म्हणून. भाऊ पोहत राहिले, ती त्यांचे कपडे सांभाळत काठावर. तेव्हाच ठरवलं होतं, ती म्हणाली, माझ्या मुलीला कुणी कपड्यावरून काठावर बसवणार नाही.

आई बोलली ते जमिनीकडे बघून.

"मला लाज वाटायची, आई. मी आठ वर्षांची झाले तरी तू मला त्या छोट्याशा चड्डीवर पाठवायचीस. मी सांगितलं होतं तुला. दोनदा. तू म्हणालीस, एवढ्याशा जिवाला कसली लाज."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मला आठवत नाही गं, म्हणाली. आणि थोड्या वेळाने, पण म्हणाले असेन.

ओव्हरलॉकवर एक माशी बसली होती. मी तिच्याकडे बघत होते.

मावशींनी गळ्यातली टेप काढली. मग काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा गळ्यात टाकली आणि खडू घेतला. बेडकीसमोर गुडघ्यावर बसल्या.

"बेडके, एकीला विचारून झालं, दुसरीला विचारून झालं. तुला काय पाहिजे ते कुणी विचारलंच नाही. सांग, बाही कुठपर्यंत?"

बेडकीने उजव्या हातावर कोपराखाली बोट ठेवलं. मावशींनी तिथे फ्रॉकच्या बाहीवर खडूने रेघ मारली. डाव्या हातावर बोट दंडापाशीच थांबलं. तिथेही रेघ. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशींनी खडू वर केला. पाय? गुडघ्याच्या वर, पण बसल्यावर फरशी गार लागू नये इतपत. झालर? झालर नको, असं तिने मान इतक्या जोरात हलवून सांगितलं की तिची क्लिप उडाली.

"अजून काय?"

"खिसा," बेडकी म्हणाली. "आणि त्यात जड काहीतरी. म्हणजे पाणी मला वर फेकणार नाही."

आजी हसली. आईही हसली, आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. हे गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं. दगड चालणार नाही, असं त्यांनी तिला नीट सांगितलं. मग स्वतःच्या बोटातलं पितळी अंगुस्तान काढलं, सुई टोचू नये म्हणून घालतात ते. छत्र्यांच्या कारखान्यातलं. बेडकीच्या तळहातावर ठेवलं. हे चालेल? बेडकीने ते हातात तोललं. चालेल, म्हणाली, जड आहे.

जुन्या कापडाचा भरवसा नव्हता, म्हणून कॉस्च्युम मावशींनी नव्या कापडाचा शिवला. हिरवाच. जुन्या बाह्याही वापरल्या, एक कोपराखालपर्यंत, एक दंडापर्यंत कापून. एकसारख्या करा ना, मी सुचवलं. त्या म्हणाल्या, खडू जिथे आहे तिथे आहे. या वेळी बादलीवर भागलं नाही. शनिवारी दुपारी तलाव बंद असताना त्यांनी मला फाटक उघडायला लावलं. जाळीच्या लांब काठीला कॉस्च्युम बांधला आणि छोट्या तलावात आपटला. वर ओढला. पुन्हा आपटला. एकवीस वेळा. बावीस वर्षांत त्या तलावाच्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या, हे मला त्यांनी परत जाताना सांगितलं. पाणी फार निळं असतं की गं, म्हणाल्या.

रविवारी त्या दुसऱ्यांदा आल्या. आई आणि आजी एकाच बाकावर होत्या. आजीने विणकाम आणलं नव्हतं. तिची नजर काठावरच्या माणसांवर फिरत होती. एकाने फोन वर केला तशी ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. तो फोन खिशात गेला. आईने ते पाहिलं. बाकावर आजीसाठी थोडी सरकून बसली.

शिट्टीसरांनी बेडकीला बघितलं. एक बाही लांब, एक आखूड. मावशींना म्हणाले, मावशी, मोजपट्टी हरवली का? मावशी म्हणाल्या, सर, तुम्ही पाणी बघा.

बेडकी काठावर उभी राहिली. एक हात खिशात. सर पाण्यात उभे राहून वाट बघत होते. शिट्टी वाजली, बाकीची मुलं निघाली. ती तशीच. मी किल्ल्यांची खिडकी सोडून आले होते, मागून कुणीतरी हाका मारत होतं. मावशी बेडकीकडे बघतही नव्हत्या. कॉस्च्युमकडे बघत होत्या, खांद्यापासून शिवणीशिवणीने.

मग ती उतरली. पायऱ्यांनी, एकेक. कापड अंगाला धरून राहिलं. काही फुगलं नाही, काही उलटलं नाही. ती निघाली. तिचं पोहणं म्हणजे बरंचसं पाणी बाहेर उडवणं. अर्ध्यावर ती अचानक थांबली, उभी राहिली, खिसा चाचपला.

अंगुस्तान पडलं होतं. निळ्या फरशीवर पिवळा ठिपका दिसत होता.

सर म्हणाले, राहू दे, मी नंतर काढून देतो. तिने त्यांच्याकडे पाहिलं. नाक दाबलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. स्वतः. पहिल्यांदा रिकामी वर आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हात वर आला तो मूठ आवळलेला. मग ती तशीच, एका हाताने, पलीकडच्या काठाला लागली. सगळ्यात शेवटी. सरांनी पास म्हणून लिहिलं. काठावर आजीने टॉवेल धरला होता, दुसरं टोक आईच्या हातात होतं. तो कुणी आधी उचलला, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

मी मावशींकडे वळले. मला वाटलं, डोळे पुसत असतील. त्या जीभ टाळ्याला लावून चक् चक् करत होत्या.

"खिसा बोटभर खोल पाहिजे होता," म्हणाल्या. "उद्या पाठवून दे बेडकीला. आणि हे बघ, एकटीच येऊ दे."